जुन्या गोव्यातलं सायबाचं (संत फ्रान्सिस झेवियर यांचं) शव पावणेपाचशे वर्षं न कुजता राहिलंय म्हणतात, यात खरं किती?

कोयनाकाठ

नमस्कार मंडळी, गोवा आणि वसईकडचे कुणी असतील तर जरा मदत करा. गेल्या शवप्रदर्शनाला, म्हणजे २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ जे झालं त्याला, आम्ही घरचे सगळे जुन्या गोव्याला गेलो होतो. रांगेत आमच्याबरोबर एक गाइड होता तो सारखा सांगत होता की सायबाच्या अंगाला कसलाही मसाला लावलेला नाही, एवढी वर्षं झाली तरी शरीर जसंच्या तसं आहे, नखं अजून वाढतात, जगभरच्या डॉक्टरांनी हात टेकले वगैरे. आणि से कॅथेड्रलमध्ये आत गेल्यावर काचेच्या पेटीत मला दिसलं ते वेगळंच. काळपट आक्रसलेला चेहरा, हाडावर ताणून बसलेली कातडी, पावलंही तशीच सुकलेली, बाकी सगळं जरीच्या वस्त्राखाली. आदराने हात जोडले, पण "जसंच्या तसं" हे लोक कशाच्या जोरावर म्हणतात ते काही कळेना.

बरं, परत आल्यावर फॅमिली ग्रुपवर बरोबर उलटा फॉरवर्ड आला. की हे शव झेवियरचं नाहीच, श्रीलंकेतल्या एका बौद्ध भिक्खूचं आहे, चर्चने लपवलंय, डीएनए टेस्ट करा. आमच्या काकांनी त्यावर तीन अंगठे टाकले आणि खाली दोघा-तिघांनी ख्रिश्चनांबद्दल जे काय लिहिलं ते वाचून मला कसंतरीच झालं, कारण ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर बसणारी बाई वसईची कॅथलिक आहे आणि ती हे वाचेल तर काय म्हणेल असं सारखं डोक्यात येत होतं.

मला दोन्ही गोष्टी पटत नाहीयेत. तर विचारायचं एवढंच, की या शवाबद्दल लिहून ठेवलेलं असं नक्की काय आहे, कुणी तपासलं होतं का, कधी, आणि इतर ठिकाणी असे जे अवशेष आणि चमत्कार सांगतात त्यांची कुणी नीट तपासणी केलीये का? कृपया धर्मावरून भांडू नका.

मांडवीतीर

पणजीहून लिहितोय. आम्ही हिंदू, पण ३ डिसेंबरच्या फेस्ताला आमच्या घरून दरवर्षी कोणी ना कोणी जातंच, सायब हा सगळ्या गोंयकारांचा असं आमच्याकडे मानतात, तेव्हा माझं लिहिणं त्या आपुलकीतून आहे हे आधीच सांगतो.

झेवियर ३ डिसेंबर १५५२ ला चीनच्या किनाऱ्याजवळच्या शांगच्वान बेटावर तापाने गेला. वय अवघं ४६. त्याला तिथेच पुरलं आणि पेटीत चुना भरला, तोही कळीचा चुना, कारण सोबतच्यांना वाटलं की मांस लवकर झडून जाईल आणि मग हाडं जहाजातून नेता येतील. फेब्रुवारी १५५३ मध्ये पेटी उघडली तर अंग ताजं दिसलं. मग मलाक्का (आजच्या मलेशियात), तिथे पेटीशिवाय नुसत्या मातीत पुरलं, काही महिन्यांनी परत काढलं, आणि मार्च १५५४ ला गोव्यात आणलं. इथे व्हाइसरॉयच्या वैद्याने शव तपासलं, पोट दाबून पाहिलं, आतडी जागच्या जागी आहेत आणि मसाला भरलेला नाही अशी साक्ष दिली. गाइड लोक "मसाला लावलेला नाही" म्हणतात ते या साक्षीवरून आलंय. साक्ष खरी आहे, पण ती मरणानंतर पहिल्या काही वर्षांतली आहे! पावणेपाचशे वर्षांचं काही ती सांगत नाही, आणि हेच कोणी सांगत नाही.

कारण पुढे त्या शरीराचं काय काय झालं बघा. पहिल्याच दर्शनाला एका पोर्तुगीज बाईने पायाचं बोट चावून तोडून नेलं असं परंपरेने सांगतात. १६१४ मध्ये रोमहून जेझुइटांच्या, म्हणजे झेवियर ज्या धर्मसंघाचा होता त्याच्या, मुख्याचा हुकूम आला आणि उजवा हात कोपरापासून कापून रोमला पाठवला, तो आजही तिथे जेसू चर्चमध्ये आहे. हाताचा वरचा भाग पुढे जपानच्या नावाने गेला. आतले अवयव काढून अवशेष म्हणून ठिकठिकाणी वाटले. तो रोमचा हात तर जानेवारी २०१८ मध्ये कॅनडाभर फिरवला, विमानात त्याच्यासाठी वेगळी सीट बुक केली होती. म्हणजे जे शरीर आपण बघतो ते कापलेलं, रिकामं केलेलं आणि सुकलेलं आहे. गोव्यात हे कुणी लपवून ठेवत नाही, चर्चची स्वतःची पत्रकंसुद्धा "पवित्र अवशेष" असंच म्हणतात, "न कुजलेलं शरीर" असा दावा मी तरी अलीकडच्या पत्रकांत बघितलेला नाही.

आता तुझ्या फॉरवर्डबद्दल. शव बदललंय ही अफवा नवी नाही रे. १७५९ मध्ये पोर्तुगालने जेझुइटांना हाकललं तेव्हा गोव्यात आवई उठली की जाताना पाद्री खरं शव घेऊन गेले आणि दुसरंच ठेवून गेले. ती मोडून काढायला म्हणून १७८२ मध्ये शव लोकांपुढे ठेवलं आणि तिथून जाहीर दर्शनाची रीत पडली. दर दहा वर्षांचा क्रम तर १९६४ पासूनचा. आता त्या जेझुइटांच्या जागी श्रीलंकेचा भिक्खू आलाय एवढंच, आणि त्याला आधार म्हणून चेहऱ्याची ठेवण, कानाचा आकार असलं काहीतरी दाखवतात. १५५४ पासून आजपर्यंत शव कुठे कुठे ठेवलं होतं ती साखळी कागदोपत्री आहे, आधी सेंट पॉल कॉलेज, मग बॉम जेझू चर्च, १६३७ च्या सुमाराची चांदीची पेटी, टस्कनीच्या ड्यूकने पाठवलेला संगमरवरी चौथरा १६९८ चा. भिक्खूचं शव या साखळीत नेमकं कधी आणि कसं शिरलं याचं उत्तर फॉरवर्डवाल्यांकडे नाहीये.

रसायनवाला

मांडवीतीर यांनी चुन्याचं लिहिलं ते वाचून राहवलं नाही, कारण सगळी गंमत तिथेच आहे. चुन्याने मांस लवकर खाल्लं जातं असं लोकांना शेकडो वर्षं वाटत आलंय, खुनाच्या गोष्टींतसुद्धा तेच असतं. प्रत्यक्षात उलटं होतं. कळीचा चुना पाणी ओढतो, त्यातून उष्णता निघते, आणि तयार होतो तो विरीचा चुना इतका अल्कली असतो की कुजवणारे जिवाणू त्यात टिकत नाहीत. कातडी वरून कोरडी पडते, काही काळाने हवेतला कार्बन डायॉक्साइड शोषून चुन्याचं कवच तयार होतं. युरोपात संशोधकांनी मेलेली डुकरं चुन्यासकट आणि चुन्याशिवाय पुरून, महिन्यांनी उकरून हे तपासलंय. चुना घातलेली कमी कुजलेली निघाली. म्हणजे शांगच्वानवर ज्यांनी हाडं सुटी करायला चुना घातला त्यांनी नकळत शव टिकवायचाच उपाय केला, वर डिसेंबर ते फेब्रुवारीची थंडी. अडीच महिन्यांनी ताजं दिसलं यात मला तरी आश्चर्य नाही वाटत.

पुढे एकदा शरीर सुकलं की ते टिकतं. पाणी नाही तर जिवाणू नाहीत. हिमाचलात स्पितीमध्ये ग्यू नावाचं गाव आहे, तिथे बसलेल्या अवस्थेतल्या भिक्खूची ममी आहे, साधारण पाचशे वर्षांची मानतात, दात आणि केस दिसतात, मसाला वगैरे नाही, नुसती कोरडी थंड हवा. तिला ख्रिस्ती देवाने राखलं असं काही कोणी म्हणत नाही.

आणि "न कुजलेले" म्हणून जे इतर संत दाखवतात त्यात बऱ्याच वेळा आपण मेण बघत असतो. लूर्दची संत बर्नाडेट, तिला मरियेचं दर्शन झालं म्हणतात ती, फ्रान्समध्ये नेव्हेरला काचेच्या पेटीत आहे, फोटो बघितले तर झोपलेली मुलगी वाटते. ते शव १९०९, १९१९ आणि १९२५ असं तीनदा उघडून पाहिलं, चेहरा काळवंडला होता, नाक-डोळे खोल गेले होते, म्हणून चेहऱ्यावर आणि हातांवर मेणाचा पातळ मुखवटा बसवला. हे तिथल्याच नोंदींत आहे, लपवाछपवी नाही. इटलीतले संत पाद्रे पिओ, त्यांच्या चेहऱ्यावर सिलिकॉनचा मुखवटा आहे. आणि २०२५ मध्ये संत झालेला तो इटालियन कॉम्प्युटरवाला मुलगा कार्लो अकुतिस, त्याच्या बाबतीत तर चर्चनेच स्पष्ट केलं की शरीर न कुजलेलं नव्हतं, चेहरा सिलिकॉनने घडवलाय. माझा राग आहे तो त्या चर्चवर नाही, तर हे सगळं छापून आलेलं असताना तेच फोटो "विज्ञान हरलं" म्हणून फिरवणाऱ्यांवर आहे. वाचायला पाच मिनिटं लागतात.

वसईकर_बावखल

मी मराठी कॅथलिक, वसईचा. घरात संत फ्रान्सिस झेवियर यांची तसबीर आहे आणि आमची आजी दर ३ डिसेंबरला उपास धरायची. तेव्हा श्रद्धेच्या बाजूने कुणीतरी बोलावं म्हणून लिहितो.

पहिलं म्हणजे, चमत्कार मानणं आमच्यावर सक्तीचं नाहीये. हे बाहेरच्यांना माहीत नसतं. येशूचं पुनरुत्थान हा श्रद्धेचा गाभा आहे, ते वेगळं. पण अमुक ठिकाणी मरियेने दर्शन दिलं, तमुक संताचं शव टिकलं, हे मी मानलं नाही तरी माझं कॅथलिक असणं तसंच राहतं. चर्च जास्तीत जास्त म्हणतं की यात श्रद्धेला बाधक काही नाही. मे २०२४ ला व्हॅटिकनने नवीन नियम आणले त्यात तर बिशपांनी एखादी घटना "अलौकिक आहे" असं जाहीर करायचंच नाही असं ठरलं. रोममध्येसुद्धा यावर फुंकून फुंकून पाऊल टाकतात.

दुसरं, सायबाच्या चमत्कारांचं. नंतर लिहिलेल्या चरित्रांत त्यांना सगळ्या भाषा आपोआप बोलता यायच्या असं आहे. पण त्यांची स्वतःची पत्रं वाचा ना! जानेवारी १५४४ च्या पत्रात ते रोमच्या बांधवांना लिहितात की इथल्या लोकांना माझी भाषा येत नाही, मला त्यांची येत नाही, म्हणून दोन्ही भाषा जाणणारी माणसं गोळा केली, प्रार्थना तामिळमध्ये उतरवून घेतल्या, त्या पाठ केल्या आणि मग हातात घंटी घेऊन गावोगाव फिरलो. मला हा माणूस त्या चमत्कारवाल्यापेक्षा कितीतरी मोठा वाटतो. परक्या मुलखात, परक्या उन्हात, शब्द घोकत फिरणारा. त्याला आपोआप भाषा येत होती म्हटलं की त्याचे सगळे कष्टच पुसले जातात. खेकड्याने समुद्रातून क्रॉस आणून दिला ही गोष्टही आम्ही लहानपणी ऐकली, पाठीवर क्रॉसची खूण असलेला खेकडा बाजारात दिसतोही, पण त्या जातीच्या सगळ्याच खेकड्यांवर ती नक्षी असते हे कोळ्यांना कुणी वेगळं सांगायला लागत नाही.

शव उद्या भुगा झालं तरी माझी मिस्सा चुकणार नाही. पण ते फॉरवर्ड वाचून जीव दुखतो, खरंच दुखतो. शंका विचारणारा माणूस आणि तुमच्या आजोबांच्या पूज्य गोष्टीला लाथ मारायला निघालेला माणूस, आम्हाला लांबून फरक कळतो. कोयनाकाठ, तुमच्या ऑफिसातल्या बाईंना सरळ विचारा, त्या रागावणार नाहीत.

सह्यकडा

हे सगळं ठीक आहे पण इन्क्विझिशन, म्हणजे धर्मद्रोह शोधून शिक्षा देणारं चर्चचं न्यायालय, ते मागवणारा माणूस संत कसा काय, याच्यावर कोणी बोलणार की नाही? गोव्यात आमच्या पूर्वजांचे हाल झाले त्यामुळेच.

मांडवीतीर

@सह्यकडा, बोलू की. झेवियरने १५४६ मध्ये पोर्तुगालच्या राजाला पत्र लिहून गोव्यात इन्क्विझिशन हवं असं कळवलं, हे खरं आहे, पत्र उपलब्ध आहे. ते प्रत्यक्ष आलं १५६० ला, तो मेल्यावर आठ वर्षांनी, आणि मधला थोडा काळ सोडला तर १८१२ पर्यंत चाललं. माझे स्वतःचे पूर्वज देव घेऊन रातोरात नदीपार गेले त्या काळात, त्यामुळे ही जखम मला कुणी दाखवायला नको. पण शव का टिकलं हा प्रश्न वेगळा आणि तो माणूस कसा होता हा वेगळा. एकाचा राग दुसऱ्यावर काढून आपण काहीच तपासत नाही. इन्क्विझिशनवर वेगळा धागा काढ, मी येतो लिहायला.

पार्लेकर

गोव्यावर बरंच झालं, मी मुंबईची आठवण करून देतो कारण अशा तपासणीचं मला माहीत असलेलं सगळ्यात स्वच्छ उदाहरण आमच्या पार्ल्यातलं आहे आणि त्याचा शेवट सगळ्यात वाईट झाला.

मार्च २०१२. इर्ल्याला वेलंकनी मातेचं चर्च आहे, त्याच्या आवारातल्या क्रुसावरच्या येशूच्या पायातून पाणी ठिबकायला लागलं. लोक जमले, प्रार्थना सुरू झाल्या, काही जण ते पाणी बाटलीत भरून घेऊन गेले, काहींनी प्यायलं. एका टीव्ही चॅनेलने रॅशनॅलिस्ट सनल एडमारुकू यांना बोलावलं. त्यांनी काय केलं तर भाषण नाही दिलं, मूर्तीच्या मागे जाऊन भिंत बघितली. भिंत ओली. ओल कुठून येते बघत बघत गेले तर शेजारी बाथरूमचं पाणी वाहून नेणारी गटाराची लाइन, ती तुंबलेली. तुंबलेलं पाणी भिंतीत मुरलं, केशाकर्षणाने वर चढलं, लाकडात शिरलं आणि खिळ्याच्या भोकातून पायापाशी बाहेर पडायला लागलं. फोटो काढले, दाखवले. विषय अर्ध्या दिवसात संपायला हवा होता, आणि जे लोक ते पाणी पीत होते त्यांचा तर जीव वाचवल्यासारखंच झालं ना, गटाराचं पाणी होतं ते!

पण टीव्हीवरच्या चर्चेत शब्दाला शब्द लागला, चर्च चमत्कारांचा धंदा करतं असं ते म्हणाले, त्यावर काही कॅथलिक संघटनांनी धार्मिक भावना दुखावल्या म्हणून कलम २९५अ खाली तक्रारी केल्या. हे कलम १९२७ चं, इंग्रजांच्या काळातलं, आता भारतीय न्याय संहितेत २९९ झालंय. माफी मागितली तर मिटवू असं सांगण्यात आलं, ते मागेनात. अटक होईल म्हणून २०१२ मध्येच ते फिनलंडला गेले. पाइपलाइनचा दोष दाखवणाऱ्या माणसाला देश सोडावा लागला. चर्चच्या फादरांनी तर चमत्काराचा दावाही केला नव्हता म्हणतात. मला आजही त्या रस्त्याने जाताना चीड येते.

आणि कुणी म्हणेल ख्रिश्चनच असे, तर २१ सप्टेंबर १९९५ आठवा. गणपती दूध प्यायला तेव्हा चमचा घेऊन रांगेत आपणच उभे होतो. पृष्ठताणाने दूध सोंडेवर ओढलं जातं आणि पातळ थर होऊन खाली ओघळतं, हे त्याच दिवसांत शास्त्रज्ञांनी रंग घातलेलं दूध वापरून दाखवलं. ऐकलं किती जणांनी?

पो_नदीकाठ

मी नोकरीनिमित्त इटलीत तोरिनोला (ट्यूरिन) असतो, म्हणजे जिथे ते प्रसिद्ध कफन आहे. येशूला गुंडाळलं होतं तेच कापड असं मानतात, साडेचार मीटरच्या आसपास लांब, त्यावर समोरून आणि पाठीमागून माणसाची फिकट आकृती. एरवी गेलात तर कॅथेड्रलमध्ये फक्त बंद पेटी दिसते, कापड क्वचितच उघडतात, २०१५ मध्ये लोकांसाठी उघडलं होतं.

याचा इतिहास मला सगळ्यात बोलका वाटतो. येशूच्या नंतर तेराशे वर्षं या कापडाचा पक्का पत्ता नाही, आणि मग १३५० च्या दशकात फ्रान्समधल्या लिरे नावाच्या छोट्याशा गावात एका सरदाराच्या चर्चमध्ये ते अचानक हजर. आणि पहिला शंकेखोर कोण होता माहितीये? बिशप! १३८९ मध्ये त्र्वाचे बिशप पिएर दार्सी यांनी पोप म्हणवणाऱ्या सातव्या क्लेमेंटला पत्र लिहिलं, की माझ्या आधीच्या बिशपने चौकशी केली होती, हे रंगवलेलं आहे, रंगवणाऱ्याने कबूल केलंय, आणि लोकांकडून पैसे काढायला दाखवलं जातंय. म्हणजे चर्चमधलेच लोक सहाशे वर्षांपूर्वी हे विचारत होते.

१८९८ ला सेकोंदो पिया या वकिलाने फोटो काढला आणि निगेटिव्हवर चेहरा जास्त स्पष्ट दिसला तिथून पुन्हा गाजलं. मग १९८८ ला चर्चने स्वतःहून कापडाचे तुकडे दिले, ऑक्सफर्ड, झुरिक आणि अमेरिकेतलं अॅरिझोना अशा तीन प्रयोगशाळांना, कार्बन डेटिंगसाठी. तिन्हींचं मिळून उत्तर आलं १२६० ते १३९०. बरोबर तोच काळ ज्यात ते लिरेला प्रकटलं. आणि हा निकाल जाहीर कुणी केला, तर तोरिनोच्या आर्चबिशपनी पत्रकारांसमोर बसून. मला त्या माणसाबद्दल फार आदर वाटतो. पुढे लोकांनी नमुना शिवलेल्या ठिगळाचा होता, आगीच्या धुराने तारीख बदलली असे आक्षेप घेतले, १५३२ ला शांबेरीत आग लागली होती हे खरं, पण चौदाव्या शतकातलं कापड पहिल्या शतकातलं ठरायला जेवढी भेसळ लागेल तेवढी धुतलेल्या नमुन्यात नजरेतून सुटणं शक्य नाही. आकृती कशी उमटवली याबद्दल वाद आहेत ते वेगळे, तारखेबद्दल मला शंका नाही.

तीच गोष्ट नापोलीची (नेपल्स), फक्त तिथे तपासणी अर्धवट आहे. संत जेन्नारो यांचं रक्त म्हणून एका काचेच्या कुपीत काळपट घट्ट पदार्थ आहे, वर्षातून तीनदा, त्यातला मुख्य दिवस १९ सप्टेंबर, तो लोकांसमोर हलवतात आणि पातळ होतो. पहिली नोंद १३८९ ची, संत मेले चौथ्या शतकाच्या सुरुवातीला. १९९१ मध्ये तीन इटालियन संशोधकांनी नेचरमध्ये छापलं की लोहाचा क्षार, खडू आणि मीठ एवढ्यावर, म्हणजे मध्ययुगात मिळणाऱ्या वस्तूंवर, असा तपकिरी जेल बनवता येतो जो ठेवला की घट्ट आणि हलवला की पातळ, बाटलीतल्या केचपसारखा. कुपी तिरकी करून पातळ झालं का हे बघायची रीतच मुळात हलवायची आहे! पण कुपी फोडून आतला कण तपासायला दिलेला नाही, त्यामुळे आत हाच जेल आहे असं कोणी छातीठोकपणे म्हणू शकत नाही. ज्यांनी तोरिनोचं कापड कापून दिलं त्याच चर्चने नापोलीत कण का देऊ नये, एवढं मला विचारावंसं वाटतं.

औषधवाली

सगळे शवांवर आणि कापडांवर बोलतायत, मी जरा जिवंत माणसांचं बोलते. माझं मेडिकल स्टोअर आहे. आमच्या गल्लीतल्या एक मावशी, डायबेटिस, रोज इन्सुलिन. कुठल्यातरी चंगाई सभेला गेल्या, तिथे स्टेजवर सांगितलं की तुझा आजार गेला, आता शंका घेतलीस तर परत येईल. शंका घेऊ नये म्हणून त्यांनी इन्सुलिन बंद केलं. मला कळलं कधी, तर त्यांचा मुलगा नेहमीच्या तारखेला पेन न्यायला आला नाही तेव्हा. मी घरी गेले, शुगर मीटरने आकडाच दाखवला नाही, नुसतं हाय. ॲडमिट केलं, वाचल्या, पण एका पायाची दोन बोटं गेली. माझं डोकं तेव्हापासून या विषयावर शांत राहत नाही. ती सभा घेणारे कॅथलिक नव्हते, कुठल्याच मोठ्या चर्चचे नव्हते, आणि असंच आमच्याकडे बाबा-बुवांच्या दरबारातही होतं हे मी रोज बघते, अंगारा मिळाला की बीपीची गोळी बंद.

मदर तेरेसांच्या पहिल्या चमत्काराचं पण असंच झालं. पश्चिम बंगालमधल्या एका आदिवासी बाईंच्या पोटातली गाठ १९९८ मध्ये मदरच्या प्रतिमेचं लॉकेट पोटावर ठेवल्यावर गेली म्हणून रोमने तो चमत्कार धरला, २००३ ला मदरना धन्यवादित (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केलं. उपचार करणारे सरकारी डॉक्टर सांगत राहिले की टीबीचं औषध महिनोन्महिने चालू होतं, औषधाने बरी झाली. मदरनी किती मरणाऱ्यांना उचललं ते मला पूज्यच आहे. पण गावातल्या टीबी झालेल्या दुसऱ्या बाईने यातून काय घ्यायचं, लॉकेट की गोळ्या? टीबीचा कोर्स अर्धवट सोडला की काय होतं हे मी काउंटरवरून बघत असते हो.

लूर्दचं, म्हणजे फ्रान्समधलं ते तीर्थक्षेत्र, त्या मानाने बरं. तिथे डॉक्टरांचं स्वतंत्र ऑफिस १८८३ पासून आहे, कागद मागतात, वर्षानुवर्षं वाट बघतात, आणि एवढे लाखो आजारी येऊन मान्य झालेले चमत्कार सत्तरच्या आसपासच. त्यातही तुटलेला पाय परत उगवला असा एकही नाही. जे आजार कधीकधी आपोआपही ओसरतात, तसलेच बरेचसे तिथे बरे झालेत.

कोयनाकाठ

बापरे, इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. सगळ्यांचे मनापासून आभार. वसईकर, तुमचा तो घंटी घेऊन शब्द घोकत फिरणारा झेवियर मी घरी सगळ्यांना वाचून दाखवला, आई म्हणाली हे त्या गाइडने का नाही सांगितलं. ग्रुपवर मी चुन्याचं आणि १७८२ चं लिहून टाकलंय, काकांनी अजून उत्तर दिलेलं नाही पण त्यांचा फॉरवर्ड त्यांनी काढून टाकला.

औषधवाली ताई, एक विचारायचं होतं. अशा चंगाई सभेवर किंवा दरबारावर तक्रार करायची तर आपला जादूटोणाविरोधी कायदा लागतो का? मला वाटायचं तो फक्त नरबळी वगैरेसाठी आहे.

औषधवाली

लागतो. २०१३ चा कायदा, दाभोलकर सरांचा २० ऑगस्टला खून झाला आणि त्यानंतर काही दिवसांत वटहुकूम निघाला तोच. चमत्कार करून दाखवतो म्हणून पैसे उकळणं, लोकांना फसवणं, हे त्यात गुन्हा आहे, कुठल्याही धर्माचा असो. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं आणि दंड पाच हजार ते पन्नास हजार. आणि एक लक्षात ठेव, होऊन गेलेल्या संतांच्या चमत्कारांच्या गोष्टी सांगणं त्यात गुन्हा नाही, तशी सूट कायद्यातच आहे, म्हणजे ज्ञानोबांच्या रेड्याची गोष्ट काय किंवा सायबाच्या खेकड्याची काय, त्याला कुणी हात लावत नाही. माणसाचं नुकसान झालं की मग कायदा.

तक्रार पोलीस स्टेशनलाच करायची, दक्षता अधिकारी नेमलेला असतो, निरीक्षकाच्या दर्जाचा, त्याचं नाव विचारून घ्यायचं. जाताना औषधांच्या जुन्या चिठ्ठ्या, हॉस्पिटलचे पेपर आणि सभेचा व्हिडिओ किंवा पत्रक असेल तर तेही न्या. आमच्या मावशींच्या वेळी पत्रक कुणी जपून ठेवलं नव्हतं आणि मावशींनी स्वतः जबाब द्यायला नकार दिला, त्यामुळे पुढे काही झालं नाही. तुझ्या माहितीत कोणी असेल तर मला मेसेज कर, साताऱ्याला अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते आहेत ते बरोबर येतात.